पत्र्याची शाळा, टाइल्सची शाळा आणि दुसरीतली मुलगी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी दुसरीत, गावच्या जिल्हा परिषद शाळेत. पहिली ते चौथी मिळून पट ४१, शिक्षक दोन, पहिली-दुसरी एकाच खोलीत. खोलीवर पत्रा, पावसात एका कोपऱ्यात गळतं. मुलगी अजून जोडाक्षरांवर अडखळते. तालुक्याच्या गावी, १४ किलोमीटरवर, टाइल्सची, डिजिटल फळ्याची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे आणि तिची व्हॅन दारात येते. सासरे म्हणतात, वातावरण बदललं की पोर आपोआप सुधारेल. शाळेच्या वातावरणाचा अभ्यासावर खरंच एवढा परिणाम होतो का, असं तुम्ही विचारलंय.

होतो. पण सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे वातावरण आहे त्याचा कमी, आणि फाटकातून दिसत नाही त्याचा जास्त.

मी २९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. केंद्रप्रमुखाचं काम म्हणजे वर्गात मागे जाऊन बसायचं, मुलांकडून वाचून घ्यायचं, वह्या बघायच्या आणि उरलेला वेळ (खरं तर बराचसा वेळ) माहिती भरायची. माझ्याकडे बारा शाळा होत्या. तालुका एक, पुस्तकं एकच, शिक्षकांचे पगारही साधारण सारखे. तरी मुलांच्या वाचनात जमीनअस्मानाचा फरक. सगळ्यांत देखणी इमारत ज्या शाळेची होती तिची मुलं वाचनात मधल्या फळीत असायची. सगळ्यांत पुढे असायची एक वस्तीशाळा: दोन खोल्या, दारात बाभळ, शेळ्या वर्गात डोकावणार. ह्यावरून इमारतीला काही किंमत नाही असं मात्र म्हणू नका. कारण तिसऱ्या एका शाळेत खोलीनंच एका मुलाचं नुकसान केलेलं मी पाहिलंय.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमची मुलगी दुसरीच्या कितव्या महिन्यात अडखळतेय ह्यावर बरंच अवलंबून आहे. ऑगस्टमध्ये जोडाक्षरावर अडणं म्हणजे मागे पडणं नव्हे, जोडाक्षरं पक्की व्हायचंच ते वर्ष आहे. फेब्रुवारीत ‘घर’, ‘पाणी’, ‘चिमणी’ असे साधे शब्दही अक्षर-अक्षर जोडून वाचत असेल तर मात्र लक्ष घालायला हवं. देशभराचं चित्र काही फार सुखाचं नाही. ‘असर’ ह्या ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. हे समाधान म्हणून सांगत नाही. एवढंच लक्षात घ्या की तुमचं मूल काही जगावेगळं नाही आणि दोष एका गळक्या पत्र्यावर टाकण्याइतकं हे सोपंही नाही. ‘मुलगी अडखळते’ आणि ‘शाळा जुनाट दिसते’ ह्या दोन गोष्टींची तुम्ही गाठ मारली आहे. ती आधी सोडवावी लागेल.

आता त्या खोलीची गोष्ट. चौथीतला एक मुलगा. बाई म्हणायच्या, ‘सर, ह्याला गणित येतं, पण फळ्यावरचं उतरवताना आकडे खातो.’ वही उघडली तर खरंच, काही उदाहरणांत शेवटचा आकडाच गायब. सगळ्या नाही, काहीच. मी त्याला उठवलं आणि त्याच्या जागी आसनपट्टीवर मांडी घालून बसलो. साडेअकरा वाजले होते. खिडकीतून ऊन येऊन फळ्याच्या उजव्या टोकावर पडलं होतं, आणि फळा नुकताच सुट्टीत चकचकीत ऑइल पेंटनं रंगवून घेतलेला. त्या जागेवरून फळ्याचा उजवा हातभर भाग आरशासारखा पांढरा दिसत होता. बाई जिथे उभ्या होत्या तिथून सगळं स्वच्छ दिसायचं, माझ्या खुर्चीवरूनही दिसलं असतं. जमिनीवर त्या कोपऱ्यात बसणाऱ्यालाच दिसत नव्हतं. जून ते सप्टेंबर आम्ही त्या पोराला बेफिकीर म्हणत होतो. फळा पॉलिश पेपरनं घासला, वर मॅट काळा हात दिला, त्याला दोन ओळी पुढे घेतलं. आकडे खाणं थांबलं.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ती थेट तुमच्या पत्र्याशी जोडलेली आहे. लोकांना गळती दिसते. मला पत्र्याचा आवाज जास्त छळायचा. पहिलीत जुलै-ऑगस्टमध्ये अक्षरं चाललेली असतात आणि नेमका तेव्हाच पावसाचा जोर असतो. त आणि थ, द आणि ध, प आणि फ ह्यांच्यातला फरक म्हणजे तोंडातून सुटणारी थोडीशी हवा. पत्र्यावर सर कोसळायला लागली की नेमकी तीच हवा ऐकू येत नाही. आपल्याला ‘धरण’मधला ध नीट ऐकू आला नाही तरी बोलण्याच्या ओघात शब्द कळतो. सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दांचा साठा नसतो, त्याला प्रत्येक ध्वनी कानानंच पकडावा लागतो. त्या दोन महिन्यांत ज्यांची अक्षरं कच्ची राहतात ती मुलं दुसरीत जोडाक्षरांवर अडखळतात. तुमच्या मुलीचं असंच झालं असेल असं नाही म्हणत, पण मी हे बघितलंय.

ह्याचा एक जुना दाखला आहे. १९७५ साली आर्लीन ब्रॉन्झाफ्ट ह्या अभ्यासक बाईंनी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेला लागून, उंच पुलावरून रेल्वे जायची. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ वर्षभराचं झालेलं होतं. इमारत तीच, अभ्यासक्रम तोच. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं अस्तर लावलं. काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आलेली होती.

पण पत्र्याच्या खोलीतही शिकवता येतं, हे मी एका बाईंकडून शिकलो. पाऊस सुरू झाला की त्या फळ्याकडे पाठ फिरवायच्या. सगळ्या वर्गाला ओरडून शिकवणं बंद, मुलं जोड्यांनी गुडघ्याला गुडघा लावून बसणार, एकानं शब्दपट्टी धरायची, दुसऱ्यानं त्याच्या कानाशी वाचायचं. बाई ह्या जोडीकडून त्या जोडीकडे. गळक्या कोपऱ्यात बादली ठेवलेली. तिच्यात टपकणारे थेंब मोजायला सांगून त्यांनी पहिलीच्या पोरांकडून शंभरपर्यंतचे आकडेही म्हणून घेतले होते. म्हणून म्हणतो, पत्रा आहे का हे विचारण्यापेक्षा पाऊस आल्यावर वर्गात काय होतं ते विचारा.

इमारतीचा वाटा किती, ह्यावर इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाचं काम मला पटतं. २०१५ मध्ये त्यांनी अहवाल काढला. २७ प्राथमिक शाळा, १५३ वर्ग, ३७६६ मुलं. वर्षभरातल्या प्रगतीत मुलामुलांत जो फरक पडला त्यातला सुमारे १६ टक्के वर्गखोलीच्या भौतिक गोष्टींशी जोडता आला. त्यातही निम्मा भाग उजेड, तापमान आणि हवा ह्या तिघांचा. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली आणि ती तुमच्या कामाची आहे: फरक पडतो तो मूल ज्या खोलीत बसतं तिचा. शाळेचा एकूण आकार, मैदान, इतर सोयी ह्यांचा तसा ठळक परिणाम अभ्यासावर दिसला नाही. तिथल्या शाळा आपल्यासारख्या नाहीत, तिथे गळका पत्रा हा विषयच नसणार, त्यामुळे १६ हा आकडा इथे जसाच्या तसा चिकटवू नका. पण दिशा बरोबर आहे. मुलाला फळा दिसतोय, शिक्षकाचं बोलणं ऐकू येतंय, अंग भिजत नाही, घामाच्या धारा लागत नाहीत, इथपर्यंत इमारत फार महत्त्वाची. त्याच्यापुढे टाइल्स बसवल्या की फरशी पुसायला सोपी जाते, एवढंच.

भिंतींबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण पालक सगळ्यांत जास्त भिंतींना भुलतात. शिक्षकही. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास राज्यभरातले गुरुजी गाड्या करून सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) बघायला जायचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून वर्गांची तऱ्हाच बदलून टाकली होती. मीही गेलो. फरशीवर संख्यारेषा, अक्षरांच्या चौकटी, आणि शिक्षक मुलांच्यात जमिनीवर बसलेले. एक पोरगी दगड घेऊन त्या रेषेवर उड्या मारत वजाबाकी करत होती आणि चुकली तर तिची तीच मागे येत होती. मी अर्धा तास तिच्याकडेच बघत उभा होतो. परत आल्यावर आमच्या तालुक्यात काय झालं? रंगकाम. पेंटर बोलावले, फरश्या रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या, फोटो व्हॉट्सअॅपवर गेले. पुढच्या महिन्यात एका शाळेत गेलो तर मुलं त्या संख्यारेषेवर सतरंजी अंथरून बसली होती. रेषा खराब होऊ नये म्हणून!

अती बोलक्या भिंतींचा तोटाही असतो. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ साली एक छोटा प्रयोग झाला. बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे तक्त्या-चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. भरगच्च खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि प्रश्नांची बरोबर उत्तरं ४२ टक्के आली. मोकळ्या खोलीत ५५. चोवीसच मुलं, त्यामुळे ह्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. पण माझाही अनुभव असाच की फळ्याच्या बाजूची भिंत शांत असावी. आणि भिंतीवर लावायचंच तर मुलांच्या हातचं, मुलांच्या उंचीवर. सहा फुटांवर टांगलेला महिन्यांचा तक्ता निरीक्षणाला येणाऱ्या साहेबांसाठीच असतो.

आता जे फाटकातून दिसत नाही त्याच्याकडे येतो.

एका शाळेत मुलींच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जायच्या. पालक सभेत एक आई सहज बोलून गेली, ‘आमची तर शाळेत पाणीच पीत नाही.’ दुसरी म्हणाली, ‘आमचीपण.’ चौकशी केली. मुलींच्या मुतारीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. कारण काय, तर ‘उघडी ठेवली की घाण होते.’ किल्ली मागायची लाज, म्हणून पोरी पाणीच प्यायच्या नाहीत. दुपारी तीनला डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकणाऱ्या मुली ह्याच. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची आहेत आणि त्या शाळेच्या माहितीत ती ‘आहे’ अशीच भरलेली होती. कुलपाचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

भुकेचंही तसंच. अन्न सुरक्षा कायद्यानं पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी बहुतेक ठिकाणी मनापासून राबतात. पण खिचडी येते दुपारी. आई सातला शेतावर गेलेली, मूल चहात बुडवलेल्या बटरवर शाळेत आलेलं. जेवणाच्या आधीच्या तासाला मुलांचे डोळे दाराकडे लागलेले असतात, कुकरची शिट्टी ऐकू आली की गणित संपलं. मी शिकवायचो तेव्हा वाचन आणि गणित परिपाठ संपल्या-संपल्या उरकायचो, आणि जेवणाआधीच्या तासाला चित्रकला, गाणी, मातीकाम. वेळापत्रकात खाडाखोड केली म्हणून शेरा मिळाला होता. मुलं मात्र शिकली.

भीतीबद्दल लिहिताना मला स्वतःबद्दलच लिहावं लागेल. नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत माझ्या टेबलावर छडी असायची. फार मारायचो असं नाही, पण ती असायची. दुसरीत एक मुलगी होती. तिला उभं केलं की ओठ हलायचे, आवाज नाही. प्रगतिपत्रकात मी ‘वाचन: सुधारणा आवश्यक’ असं लिहिलं. एकदा मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या बाजूनं येत होतो तर भिंतीपलीकडे कुणीतरी तोच धडा खणखणीत वाचत होतं, मधेच माझी नक्कलही करत होतं. कोपऱ्यावरून वळलो तर तीच. धाकट्या भावाला समोर बसवून बाई झाली होती. मला बघितलं आणि आवाज बंद. पुढच्या आठवड्यात छडी घरी नेली, पण खरं सांगतो, जिभेवरची छडी जायला आणखी बरीच वर्षं लागली.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छड्या बऱ्याच ठिकाणी गेल्या. ‘अक्कल गहाण टाकलीस का’, ‘हुशारांनी ह्या बाजूला बसा’ हे राहिलं. आणि ते टाइल्सच्या शाळेतही असतं, तिथे फक्त इंग्रजीत असतं. जोडाक्षर वाचायचं म्हणजे चुकायची तयारी लागते. ‘प्रकाश’ला आधी ‘परकाश’ म्हणावं लागतं, मग तो सुधारतो. जिथे ‘परकाश’वर वर्ग हसतो आणि शिक्षकही हसतात, तिथे मूल दुसऱ्या वेळी तोंडच उघडत नाही. मुलीला ‘आज काय शिकवलं’ असं विचारू नका, ‘काही नाही’ असंच उत्तर येईल. ‘आज कोण चुकलं? मग बाई काय म्हणाल्या?’ असं विचारा. चार दिवस विचारा. वर्गाचं वातावरण तुम्हाला त्यातून कळेल, मला सहा महिने भेटी देऊन कळायचं तितकं.

तुमची दुसरी तक्रार पहिली-दुसरी एकत्र बसण्याची. ६० पटापर्यंत दोन शिक्षक हा कायद्यातलाच हिशेब आहे, त्यामुळे ४१ पटावर तिसरे शिक्षक मिळतील अशी आशा धरू नका. बहुवर्ग म्हणजे वाईटच असं नाही. दुसरीचं मूल पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवतं तेव्हा त्याचं स्वतःचं जितकं पक्कं होतं तितकं कुठल्याच स्वाध्यायानं होत नाही. पण एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला नुसतं ‘पान उतरवा’ सांगितलं जात असेल तर मात्र अर्धा दिवस वाया.

मी मागे बसून घड्याळ लावायचो. एखादं मूल निवडायचं आणि दिवसभरात ते स्वतः, एकटं, मोठ्यानं किती वेळ वाचतं ते मोजायचं. एका चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या वर्गात ते भरलं दोन मिनिटांपेक्षा कमी. बाकी सगळं समूहात म्हणणं, उतरवणं, वाट बघणं, आणि सर ऑनलाइन माहिती भरत असताना शांत बसणं. वस्तीशाळेत तेच दहा-बारा मिनिटं भरायचं, कारण तिथले गुरुजी रोज प्रत्येक मुलाला शेजारी बसवून पाच ओळी वाचून घ्यायचे, कुणालाही न चुकता. बारा शाळांमधला बहुतेक फरक मला तरी ह्या मिनिटांत सापडला.

मग ती तालुक्याची शाळा. ती कशी आहे ते मी पाहिलेलं नाही, चांगलीही असेल. पण ‘खासगी म्हणजे जास्त शिकतात’ हे तपासून पाहण्याजोगं आहे, आणि ते तपासलेलं आहे. आंध्र प्रदेशात २००८ पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन ह्या अर्थतज्ज्ञांनी मोठा प्रयोग केला. खेड्यांतल्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून काहींना खासगी शाळेची फी दिली. चिठ्ठ्या असल्यामुळे दोन्हीकडच्या घरांची परिस्थिती सारखीच होती, नाहीतर मुळात शिकलेल्या घरची मुलं खासगीत जातात आणि श्रेय शाळेला मिळतं. चार वर्षांनी बघितलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच. हिंदीत खासगीतली पुढे, कारण तिथे हिंदीला तास होते. खासगी शाळांचा खर्च मात्र सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी, म्हणजे त्या कमी पैशांत तेवढंच शिकवत होत्या. हे त्यांचं कौतुकच आहे. पण शाळा बदलल्यानं भाषा-गणित आपोआप सुधारलं नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुलीचं मराठी वाचन अर्ध्यावर आहे. ह्या टप्प्यावर माध्यम बदललं तर नवी लिपी, नवी भाषा आणि नवे विषय एकदम अंगावर येतील. ज्या भाषेत ती विचार करते त्या भाषेत वाचन एकदा सुटं झालं की दुसऱ्या भाषेत ते बरंच सोपं जातं. अर्धवट सोडलं तर दोन्हीकडे अडखळत राहते. (मेळघाटातल्या कोरकू मुलाला तर आपली मराठी शाळाच इंग्रजी माध्यमासारखी असते. ‘घरच्या भाषेत शिका’ असं आपण सांगतो तेव्हा हे विसरतो.) शिवाय व्हॅन. १४ किलोमीटर सरळ रस्त्यानं नाही जात ती, वाड्यावस्त्यांवरून मुलं गोळा करत जाते. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा. तेवढाच वेळ आज ती अंगणात खेळते किंवा तुमच्याजवळ बसते.

काही परिस्थितींत मात्र मी स्वतः शाळा बदला म्हणेन. शिक्षक आठवड्यातले दोन-दोन दिवस दिसतच नसतील, मुलीला मार बसत असेल, किंवा बदलीनंतर जागा रिकामी राहून एकाच शिक्षकावर चारही वर्ग महिनोन्‌महिने चालले असतील, तर थांबू नका. पण तेव्हाही आधी शेजारच्या गावची चांगली मराठी शाळा बघा. आणि कुठलीही शाळा बघायला जाल तेव्हा डिजिटल फळा चालू करून दाखवतील, तो बघून झाला की दुसरीच्या वर्गात मागे अर्धा तास बसू द्या म्हणा. बसू देतात का, हीच पहिली परीक्षा.

सध्या एवढं करा. आज संध्याकाळी तिला पहिलीच्या पुस्तकातला न शिकवलेला वाटेल असा एखादा परिच्छेद द्या आणि मधे न बोलता वाचू द्या. मग दुसरीतला. सगळे साधे शब्द सटासट आणि फक्त जोडाक्षरांवर थांबत असेल तर रोज दहा मिनिटं शेजारी बसून वाचून घेतलंत तरी काही महिन्यांत फरक दिसेल. त-थ, ब-भ ह्यांत घोळ करत असेल तर कानाचं आणि अक्षरांचं काम परत करायला हवं, शिक्षकांना तसं नेमकं सांगा. ‘मागे पडलीय’ असं म्हणू नका, त्यानं शिक्षक बचावात जातात. पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. सरकारी शाळांत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी तिला शाळा चुकवू देऊ नका.

गळतीसाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, कागदावर असतातही. तुम्ही स्वतः सदस्य व्हा. सभेत गळतीचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, तारखेसह फोटो जोडा, एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कुणाला आठवत नाही. आणि दुरुस्ती होईपर्यंत पहिली-दुसरी कोरड्या खोलीत बसवून मोठ्यांना त्या खोलीत न्यावं, असं मुख्याध्यापकांना सुचवा. अक्षरं शिकणाऱ्यांना ऐकू येण्याची गरज चौथीच्या मुलांपेक्षा जास्त असते. ह्याला कुणाची मंजुरी लागत नाही, आसनपट्ट्या उचलून न्यायच्या एवढंच.

वाचून घेतल्यावर ती नेमकी कशावर थांबली ते कळवा: अक्षरावर, जोडाक्षरावर, की वाचून झाल्यावर अर्थ सांगताना. आणि महिना कोणता तेही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यावरून पुढचं सांगतो.